वास यायलाय का?

मला फिट येते हे मला लोकांनी सांगितलं. स्वतःच्या डोळ्यांनी मी ती अजून एकदाही पाहिलेली नाही. सकाळी खव्याच्या भट्टीवर दूध घालायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे, समोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं पाहिली आहे, भूमच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसांनी पाहिली आहे. ज्याची आहे त्यालाच तेवढी दाखवायची राहिली. शिवाय प्रत्येकानं पाहिलेली वेगळी. एक म्हणतो उजवा हात आधी वाकडा झाला, दुसरा म्हणतो डावा. दोघांत वाद पेटला की निवाड्याला मला बोलावतात, आणि मी आपला दोघांचं ऐकून घेतो, कारण माहिती त्यांच्याकडंच आहे.

मी मूळचा कोकणातला, रत्नागिरीच्या खालच्या अंगाचा. शाळा आठवीत सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. पुण्याला एका मिठाईच्या दुकानात पराती घासायला लागलो आणि घासता घासता पेढे वळायला शिकलो. त्या दुकानात खवा यायचा तो इथून, भूम तालुक्यातून. टेंपोबरोबर कधीमधी खव्याचे मालक स्वतः यायचे. एकदा म्हणाले, भट्टीवरचा माणूस मेव्हणीच्या लग्नाला गेलाय, पंधरा दिवस चला. मी चाललो. तो माणूस सासरीच रमला आणि मी इथं. त्याला आता बारा-चौदा वर्षं झाली. गाव मला अजून 'पाव्हणं' म्हणतं. इतका चिकट पाहुणा या गावानं दुसरा पाहिला नसेल.

आमच्याकडं दूध म्हणजे चहाचा रंग बदलायची वस्तू. इथं सकाळ झाली की मोटरसायकलीला दोन्ही अंगांनी कॅन लटकावून माणसं येतात आणि दूध असं ओततात की मला पहिले काही दिवस कुणाचं तरी चुकतंय असंच वाटायचं. ते दूध लोखंडी कढईत घालायचं, खाली लाकडं सारायची, आणि लांब दांड्याच्या उलथण्यानं हलवत राहायचं. हात थांबवायचा नाही. दूध उकळतं, दाटतं, कडा सोडतं आणि शेवटी त्याचा गोळा होतो. सगळं मरण त्या शेवटात. थोडं अलीकडं उतरवलं तर खवा ओला राहतो, थोडं पलीकडं गेलं तर बुडाला लागतो. लागलेला खवा कशातही मिसळा, वास लपत नाही. म्हणून बघणाऱ्याला भट्टीवरच्या माणसाचे दंड दिसतात, पण मालक पोसतात ते त्याच्या नाकाला.

आमच्या मालकांना तर दुसऱ्याच्या नाकावाचून गत्यंतरच नव्हतं. त्यांचा वास कोरोनात गेला तो परत आलाच नाही. चवही अर्धीमुर्धीच आली. त्यांना अत्तर आणि गटार सारखंच. खव्याच्या धंद्यातला माणूस आणि वासच नाही, ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून पुण्याच्या गिऱ्हाइकासमोर ते खव्याचा गोळा नाकाशी नेऊन डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. गिऱ्हाईकही मान हलवायचं.

तर अशा घरात माझ्या नाकाला धार आली. निदान मला तसं वाटलं.

खवा अजून गोळ्याला यायचा असतानाच मला करपल्याचा वास यायला लागला. एकदम, कुठून तरी आत, जोरात. पोटात काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं आणि जीव घाबरा व्हायचा. मी झटक्यात कढई उतरवायचो. बूड बघावं तर आरशासारखं स्वच्छ. याचा अर्थ मी असा काढला की लागायच्या आधीच मला कळतंय. देवानं शाळा दिली नाही, त्याची भरपाई नाकात केली, असं मी काकींना म्हणालोही. काकी म्हणजे मालकांच्या मंडळी. त्या म्हणाल्या, देव हिशेब असा उशिरा करत नसतो.

घाईनं उतरवलेल्या खव्यात पाणी राहायचं. पाण्याला वजन असतं. तेवढ्याच दुधात आमचा खवा जास्त भरायला लागला. मालक खूश. आजूबाजूच्या भट्टीवाल्यांना सांगायला लागले की पाव्हण्याच्या हाताला उतारा हाय. तो हिवाळा मी फार मानात काढला. आजारानं माणसाला इतकं नाव मिळवून दिल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

तोच वास मला इतर ठिकाणीही यायचा. कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसलो असताना आला. शेजारच्या तालुक्याला, वाशीला जाताना एसटीत आला, तेव्हा मी शेजारच्या बाईंना विचारलं, काही जळतंय का. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि जागा बदलली. मला वाटलं, कपड्यांत मुरलाय. शर्ट दोनदा धुवायला लागलो. काकींनी साबण वेगळा काढून दिला.

मग उन्हाळा आला आणि ओल्या खव्यानं आपला गुण दाखवला. पुण्याला पोचेपर्यंत आंबूस. टेंपो माल घेऊन गेला तसाच माल घेऊन परत आला. मालक माझ्याजवळ येऊन बसले, आवाज न चढवता विचारलं की आच कमी ठेवायलाव का. मी म्हणालो, नाही, लागतोय म्हणून उतरवतो. त्यांनी कढईच्या बुडावरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं आणि उठले. नाक नसल्यामुळं त्यांना माझं म्हणणं खोडताही येत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी पडलो. मला आठवतं ते एवढंच की वास आला आणि उलथणं एकदम लांब गेल्यासारखं दिसलं. बाकीचं काकींकडून. मी ताठ झालो, घशातून आवाज काढला आणि नशीब की कढईकडं न पडता लाकडांच्या ढिगाकडं पडलो. एक हात भट्टीच्या कडेला लागला, त्याचा डाग आहे अजून. काकींनी मला दंडाला धरून ओढलं. मालकांनी दातखीळ सोडवायला उलथण्याचा दांडा तोंडात घातला; त्यात माझा पुढचा दात अर्धा गेला. दूधवाल्यानं चप्पल काढून नाकाला लावली. सकाळपासून गोठ्यात वावरलेली चप्पल. ज्याचा रोग नाकात, त्याला औषधही नाकातूनच. गावाची निदानाची दिशा चुकली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

जागा झालो तेव्हा माझ्याभोवती माणसं अंगात आलं की काय यावर बोलत होती. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात, अंगात येणं इथं कुणाला नवं नाही. पण एका म्हाताऱ्यानं तो मुद्दा निकालात काढला. देवी आली असती तर काहीतरी मागितलं असतं, यानं काहीच मागितलं नाही. सगळ्यांना ते पटलं. मलाही.

मालकांनी मला बार्शीला नेलं. गाडी केली, स्वतः बरोबर आले, बाकड्यावर माझी चप्पल सांभाळत बसले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. त्यात एक जुना वाळलेला डाग दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा. कोकणातल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय निघणार. डॉक्टरांनी विचारलं की फिट यायच्या आधी काही होतं का, पोटातून काही चढतं का, कसला वास येतो का. मी मालकांकडं पाहिलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. सगळा हिवाळा आमच्या दोघांच्या मधे येऊन बसला.

"करपल्याचा," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, तो वास बाहेर नसतो, तो डाग तयार करतो. तीसुद्धा एक लहान फिटच. पुष्कळांना जळका वास येतो, त्यात नवल काही नाही. त्यांना नवल नव्हतं, पण त्यांनी खवा केलेला नव्हता. बाहेर आल्यावर मालकांनी माझी चप्पल माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले की म्हंजी त्या वरच्या उताऱ्याला जबाबदार तो डाग. मी म्हणालो, व्हय.

गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. तोंडात काही घालायचं नाही, चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं आणि डोक्याखाली मऊ काही सारायचं, हे डॉक्टरांनी मालकांना दोनदा सांगितलं आणि मालकांनी येताना गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं. मला सांगितलं ते वेगळं: उंचावर चढायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, आगीजवळ एकटं बसायचं नाही.

ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, हे फोनवर कळलं तशी ती रडली आणि म्हणाली, आता पुरे झालं, तू घरी ये. मी विचार केला. आमच्या गावात पोट भरायच्या जागा दोन, आंब्याचं झाड आणि होडी. एक उंच, एक पाण्यात. डॉक्टरांनी मना केलेल्या तीन गोष्टींपैकी दोन माझ्या गावात आणि एकच इथं. त्या मानानं भट्टीच सुरक्षित. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझं बोलणंसुद्धा तिकडचं झालंय.

पण इथं राहायचं तर मालकांनी ठेवायला हवं. पाथरूडच्या बाजूला बऱ्याच जणांनी खव्याची मशीन घेतली होती. विजेवर कढई आपली आपण फिरते, पातं खरवडत राहतं, माणूस लागतोच असं नाही. आम्ही दोघं ती बघून आलो होतो. मशीन दमत नाही, लग्नाला जात नाही, त्याला फिट येत नाही. वीज मात्र जाते. वीज गेली की जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि आली की मधे काय झालं ते त्यालाही आठवत नाही. मला ते पाहून जरा बरं वाटलं.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "पाव्हणं, म्या तुमाला जा म्हनत न्हाय. पर भट्टीवर आनखी एकदा झालं तर म्या मशीन आननार. तुमी कढईत पडलाव तर तुमच्या भैनीला काय सांगू?"

यात रागवण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर एकदासुद्धा थांबलो नसतो. मी मान हलवली आणि त्या दिवसापासून मी घाबरायचं काम नीट, मन लावून करायला लागलो.

गोळ्या लागू पडेपर्यंत एकदा भूमच्या स्टँडवर पडलो, मग मोठी फिट थांबली, पण वास अधूनमधून यायचाच. आणि खरा खवाही कधीतरी लागणारच की. मग कोणता वास कढईचा आणि कोणता माझा? यावर तोडगा काकींनी काढला. एक नाक खोटं बोलू शकतं, दोन बोलणार नाहीत. मला वास आला की मी विचारायचं, "काकी, वास यायलाय का?" त्यांनी कढईवर वाकून हुंगायचं. त्यांनाही आला तर दोष खव्याचा, कढई उतरवायची. नाही आला तर दोष माझा. मी उलथणं त्यांच्या हाती द्यायचं, भिंतीकडंच्या पोत्यावर जाऊन कुशीवर निजायचं आणि मालकांनी माझ्याजवळ बसायचं. वाट बघायची. आली तर आली, गेली तर गेली.

हा नियम दीड वर्ष चालला आणि चांगला चालला. मी दिवसातून कितीदा विचारायचो ते सांगत नाही. भाकरी करत असल्या तरी काकी पिठाचे हात घेऊन यायच्या. दूध घालायला येणारी माणसंही दारातून आत येताना आधी हुंगायला लागली. एकानं तर आपल्या बायकोला घरी चुलीपाशी तसंच विचारलं म्हणे, आणि तिनं उत्तर म्हणून तवाच पुढं केला. दोन-तीनदा वास माझा निघाला. पोत्यावर पडलो, पोटातलं वर चढलं आणि उतरलं, तेवढंच. मालक शेजारी बसून भावाविषयी, टेंपोविषयी काहीबाही बोलत राहायचे. मी शुद्धीत आहे का ते बघायची त्यांची तीच रीत. मी हं म्हणायचो. एकदा हं म्हणालो नाही तर ते घाबरले. खरं तर मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं.

नियमात एक भोक होतं आणि ते आमच्या तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. थंडीचे दिवस आले, लग्नसराई सुरू झाली, भट्टी सकाळपासून धडधडत होती आणि काकींना सर्दी झाली.

शेवटचा घाणा गोळ्याला येत होता. मला वास आला. मी विचारलं. काकींनी पदरानं नाक पुसलं, कढईवर वाकल्या, नीट हुंगलं आणि म्हणाल्या, "न्हाय."

म्हणजे माझाच. मी उलथणं त्यांच्या हातात दिलं आणि पोत्यावर जाऊन पडलो. मालक धावत आले. नियमाप्रमाणं काकींनी हलवत राहायला हवं होतं, पण मागच्या खेपेला मालकांनी माझी मान उलट्या बाजूला वळवली होती, त्यामुळं त्यांचा नवऱ्यावर भरवसा नव्हता. त्याही येऊन बसल्या. एक माझ्या डोक्याशी, एक पायाशी. मी दोघांच्या मधे एसटीची वाट बघावी तसा पडून राहिलो.

मला आठवतं ते असं: मी छताकडं बघत होतो आणि मनात मशीन फिरत होतं. ही आली की गेलं सगळं. इथून निघताना काय काय न्यायचं ते मी ठरवलंसुद्धा. एक गोधडी काकींनी दिलेली, ती न्यायची का ठेवायची यावर अडलो होतो. वास वाढत चालला. इतका कधीच वाढला नव्हता. मी म्हणालो, आज मोठी येणार. मालकांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं. मालकांच्याही आलं. काकींच्या तर सकाळपासूनच येत होतं.

फिट काही येईना.

दूधवाला रिकामे कॅन न्यायला दारात आला. तोच, चप्पलवाला. त्यानं आत डोकं घातलं, आम्हा तिघांना बघितलं, वर छताशी साचलेला धूर बघितला आणि शांतपणे म्हणाला, "आवं, समदा घाणा जळाला की."

मालकांनी माझा हात सोडला. काकींनी डोकं सोडलं. कढईत काळा गोळा चिकटून बसला होता आणि त्याच्या कडेनं धूर निघत होता. माझ्या हातून या गावात पहिल्यांदाच घाणा करपला होता, आणि मी उठून बसलो तो मला हसायला येत होतं. खव्याचं नुकसान झालेलं, लग्नाची मागणी अंगावर आलेली, आणि मला आत नुसतं गार वाटत होतं, की वास खराच होता, बाहेरच होता. हसणं काही बरं दिसत नव्हतं म्हणून मी खोकलो.

मालकांनी खुरपं घेतलं आणि कढई खरवडायला बसले. बराच वेळ खरवडत होते. मग पाठमोरेच म्हणाले, "मग फिट?"

"आली नाही."

"मंग ही धरायची का न्हाय?"

फिट आली नव्हती, पण ती आली असती तर जेवढं नुकसान झालं असतं तेवढं तिच्याशिवाय झालं होतं. दूधवालाही विचारात पडला. काकी शिंकल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ती फिट न्हाय. ती माझी सर्दी हाय. सर्दीपायी कुनी मानूस काढतंय व्हय?"

खरवडीचा एक तुकडा मालकांनी तोंडात टाकला. त्यांना चव लागली की नाही कोण जाणे, पण चावत राहिले.

मशीन पुढच्या उन्हाळ्यात आलंच. मालकांनी शब्द मोडला असं मी म्हणणार नाही, लग्नसराईचा झपाटाच तसा होता. मशीन विकणारा माणूस बसवायला आला तेव्हा त्यानं सगळी बटणं दाखवली, हे फिरवायला, हे थांबवायला. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की बुडाला लागायला लागलं तर त्याला वास येतो का. तो माणूस हसला. मालक हसले नाहीत. ते आत गेले आणि हाताची खुर्ची घेऊन आले. मशीनपासून चार हात लांब, भिंतीला टेकवून ठेवली. आगीपासून दूर, पडलो तरी हातांत अडकेन अशी. मला म्हणाले, बसा.

तेव्हापासून मी तिथं बसतो. कढई आपली आपण फिरते, मी वास घेतो. बाहेरून कुणी आलं तर मालक माझ्याकडं बोट दाखवून सांगतात की हे आमचं नाक. डोक्यात डाग असलेला, खोटे वास येणारा माणूस एका भट्टीचं नाक म्हणून पगारावर असावा, हे मी ताईला अजून नीट समजावून सांगू शकलेलो नाही. ती म्हणते, देव आहे. मी म्हणतो, आहे, आणि काकीही आहेत.

वास अजूनही येतो कधीकधी. मी हाक मारतो. काकी हातातलं टाकून येतात, आता आधी स्वतःचं नाक शिंकरून मोकळं करतात, मग कढईवर वाकतात. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहतो. त्या सरळ होतात, पदर सावरतात आणि म्हणतात, "न्हाय ओ, तुमचाच हाय. निजा." आणि मी निजतो.